कॅसेट पलटायची जागा

रेवसपासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर असा एकही मांडव पडला नसेल, ज्याच्या हळदीला तुमची खाडीवरची आजी बोलावणं नसताना जाऊन बसली नाही. तुम्हाला हे वाढवून सांगितल्यासारखं वाटेल, कारण तुमच्या बाबांनी तुम्हाला शिकवून ठेवलं आहे की नागावची आजी मोजूनमापून बोलते आणि खाडीवरची आजी एकाचे दहा करते. पण रेवा, ईशान, या एका बाबतीत माझंही मोजमाप संपतं. माझ्या विहीणबाई, म्हणजे तुमच्या आईची आई, हळदीला जातात त्या नवरीला बघायला नव्हे आणि जेवायला तर नव्हेच. त्या जातात बँड ऐकायला. बँड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गिटार घेतलेली, केस वाढवलेली चार मुलं येतील. आमच्याकडे बँड म्हणजे सोनेरी बटणांचे कोट घालून क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि ढोल वाजवणारी गावोगावची माणसं, आणि बेंजो पार्टी म्हणजे त्यांचेच भाचेपुतणे, ज्यांच्याकडे कोट नसतो पण स्पीकर असतात. अशा सगळ्यांना ऐकून, त्यातलं उत्तम तेवढं वेचून, विहीणबाई दर वर्षी एक कॅसेट तयार करतात. माझ्या मते ती या जिल्ह्यातली सर्वांत महत्त्वाची वार्षिक घटना आहे, आणि मी तीस-पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई हे पूर्ण शुद्धीवर लिहिते आहे.

हळदीला निघताना त्यांच्या हातात एक मोठी नायलॉनची पिशवी असते. त्यात वर नारळ, नारळाखाली ब्लाउजपीस, ब्लाउजपीसखाली हळदकुंकवाची पुडी आणि सगळ्यांच्या तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, टेपरेकॉर्डर. "नारळ आन् ब्लाउजपीस हातात असला ना ईनबाय, का कोनी परकं ऱ्हात न्हाय," हे त्यांचं तत्त्वज्ञान; ईनबाय म्हणजे विहीणबाई, अर्थात मी. मांडवात शिरायचं, नवरीला हळद लावायची, नारळ ओटीत घालायचा, आणि मग बायकांच्या घोळक्याकडे पाठ करून थेट ढोलवाल्याच्या शेजारी जाऊन बसायचं. पिशवी मांडीवर, तोंड बँडकडे. एकदा चौलच्या बाजूला एका करारी बाईंनी त्यांना हटकलं, "तुम्ही नवरीकडच्या का नवऱ्याकडच्या?" विहीणबाईंनी मानसुद्धा वळवली नाही. म्हणाल्या, "मी बाजावाल्यांकडची." त्या बाईंनी निमूटपणे त्यांना सरबत आणून दिलं.

घरी आल्यावर दोन खणांच्या मोठ्या टेपवर निवड चालते. मी माझ्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या चिकटवते हे तुम्हाला माहीतच आहे. विहीणबाईंच्या एकाही कॅसेटवर अक्षर नाही. त्यांचा कारभार तोंडी. प्रत्येक गाण्याच्या आधी त्या स्वतःच्या आवाजात भरतात, "आता ऐका. हे मोरपंखी कोटवाले. क्लॅरिनेटवाला नवा हाय, पन पोराला दम हाय. ढोलवाला म्हातारा झालाय, तेच्याकडं लक्ष देऊ नका." कधी त्यात बातम्याही असतात. "हे वाजत व्हतं तवा नवरी रुसून बसलेली. का ते पुढच्या गान्यानंतर सांगते." आणि पुढच्या गाण्यानंतर सांगायला त्या हमखास विसरतात. मागचे आवाज त्या कधीच काढून टाकत नाहीत. त्यामुळे एका वर्षीच्या तिसऱ्या गाण्यात ऐन रंगात आलेल्या ट्रंपेटमागे एक शेळी ओरडते, आणि ती इतकी तालात ओरडते की पहिल्यांदा मला तेही वाद्यच वाटलं होतं.

या कॅसेटी मुळात तुमच्या मामांच्या ट्रकसाठी सुरू झाल्या. मिठागरं गेली आणि घरात गाड्या आल्या, तेव्हा ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून विहीणबाईंनी पहिली कॅसेट भरली. गाण्यांचा क्रम त्यांनी रस्त्याप्रमाणे लावला. खाडीवरून निघताना संथ, पेणच्या नाक्याला सनई, कर्नाळ्याच्या वळणांवर ढोलाचा कहर. गाडी परत आली की हिशेब व्हायचा. मी स्वतः तो ऐकला आहे. विहीणबाई ओट्यावर बसलेल्या, समोर मिश्या असलेला सहा फुटी ड्रायव्हर शाळेतल्या मुलासारखा उभा.

"पेनला काय वाजत व्हतं रं?"

"पयलंच गानं, मावशे."

"पेनला अजून पयलंच? मंजी गाडी उडवत नेलीस. उद्या बायकोला काय सांगू तुझ्या?"

दुसरा अधिक हुशार होता. त्याने "सनई" असं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. त्याला त्यांनी विचारलं, "बरं. सनईच्या मागं कोन रडतं?" तो गडबडला. सनईच्या मागे एक तान्हं मूल रडतं, हे कॅसेट खरंच ऐकलेल्यालाच ठाऊक. त्या दिवसापासून ड्रायव्हर मंडळी गाड्या बेतानं चालवू लागली आणि कॅसेट कान देऊन ऐकू लागली. त्यांच्या बायका आजही दिवाळीला विहीणबाईंच्या पाया पडतात.

तुमच्या आईबाबांचं लग्न ठरलं तेव्हा मी या सगळ्यापासून चार हात दूर होते. माझ्याकडे माझ्या कॉलेजच्या काळातला इंग्रजी गाण्यांचा निवडक रेकॉर्डसंच होता. अनेक वाद्यवृंदांचं एकेक गाणं, सुंदर छापील वेष्टन, आणि प्रत्येकाची माहिती. त्या संचामुळेच मला कितीतरी परदेशी वाद्यवृंद पहिल्यांदा कळले होते आणि एकाचं गाणं आवडलं की त्याच्या आणखी रेकॉर्डसाठी मी मुंबई पालथी घालत असे. नव्या विहिणीवर छाप पाडावी म्हणून मी त्यांना तो ऐकवला. त्या सगळ्या बाजू मन लावून ऐकत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "गातात बरे. पन ईनबाय, लगीन कोनाचं हाय?"

"लग्न कोणाचंच नाही. ते नुसतंच गातात."

"नुसतंच?" त्यांच्या चेहऱ्यावर इतकी कणव दाटून आली की मलाच त्या गोऱ्या लोकांचं वाईट वाटू लागलं. महिनाभराने त्यांची त्या वर्षीची कॅसेट आली. तिच्यात दोन बेंजो पार्ट्यांच्या मध्ये, त्या दिवशी पिशवीतल्या टेपवर भरून घेतलेलं, माझ्या संचातलं एक गाणं होतं आणि त्याआधी विहीणबाईंचा आवाज, "ही आमच्या ईनबायची मानसं. लांबची हायेत, कोनी लग्नाला बोलवत न्हाय, पन ताल बरा धरतात. ऐकून घ्या." ते गाणं पुढे वर्षभर कर्नाळ्याच्या घाटात गाजत होतं म्हणे. ड्रायव्हर लोक त्याला 'ईनबायचा बँड' म्हणत.

मग मला ती कॅसेट परत करता येईना. म्हणजे करायची होती, पण त्याआधी मोरपंखी कोटवाले आणखी एकदा ऐकावेसे वाटले. त्यांचा एक म्हातारा ट्रंपेटवाला सूर लावायच्या आधी क्षणभर थांबतो, जणू दारावर टकटक करून मगच आत येतो आहे. असा माणूस दिसतो कसा, हे बघायची मला फार उत्सुकता लागली. शेवटी एका वैशाखात काशीदच्या पुढे कुणाच्यातरी हळदीला मी विहीणबाईंबरोबर गेले. ज्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं त्यांच्या मांडवात, हातात नारळ घेऊन. तुमचे आजोबा नाक्यावर गाडीत बसून राहिले आणि ओळखीचं कुणी दिसलं की वर्तमानपत्र तोंडावर धरत होते. ट्रंपेटवाला निघाला एक किडकिडीत, दात पडलेला, अतिशय लाजाळू मनुष्य. मी त्याला सांगितलं की मी त्याचं वाजवणं कॅसेटवर ऐकलं. तो म्हणाला, "बाय, त्या कॅसेटमुलं आमाला मुरुडाकडची पन लग्नं मिलाली." तेव्हा मला कळलं की विहीणबाईंच्या निवडीवर या किनाऱ्यावरचे बँड उभे राहतात. ट्रकमधून कॅसेट जाई, चहाच्या टपऱ्यांवर वाजे, आणि मुलीचा बाप विचारी, "हे कोन वाजवतात? आपल्याला हेच पायजेत."

आता गाण्यातल्या त्या प्रसिद्ध खड्ड्याबद्दल. हिरव्या कोटवाल्यांचं, म्हणजे दुसऱ्याच एका बँडचं, हळदीचं एक लांबलचक गाणं आहे. विहीणबाई ते भरत असताना गाण्याच्या मध्येच कॅसेटची एक बाजू संपली. त्यांनी पिशवीत हात घालून घाईघाईने कॅसेट पलटली. त्यामुळे त्यांच्या कॅसेटमध्ये ते गाणं ऐन चढावर तुटतं, मग शांतता, मग 'टक' असा बटणाचा आवाज आणि गाणं पुन्हा सुरू. पुढे गाड्यांमधून कॅसेटी गेल्या आणि अलिबागच्या एका मोबाइलच्या दुकानात त्यांनी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. दुकानदार म्हणाला, "आजी, मधला खड्डा बुजवून टाकू?" विहीणबाई म्हणाल्या, "कशाला? तिथं कॅसेट पलटतात." तो म्हणाला, "पण आता पलटायला कॅसेटच नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "कॅसेट नसली तरी जागा तीच ना?" त्याने खड्डा तसाच ठेवला आणि पेनड्राइव्ह त्यांच्या हातात दिला.

काही वर्षांनी नागावातच एका हळदीला आम्ही दोघी गेलो होतो. दक्षिणेकडून आलेली नवी बेंजो पार्टी, सगळी कोवळी पोरं. त्यांनी ते हिरव्या कोटवाल्यांचं गाणं धरलं, आणि छान धरलं. बायका नाचत होत्या, करवल्या नाचत होत्या, नवऱ्याचे जाडजूड काका नाचत होते. गाणं चढत गेलं आणि ऐन चढावर सगळी वाद्यं एकदम थांबली. मला वाटलं वीज गेली. पण नाचणारे लोक हात वर केलेले तसेच पुतळ्यासारखे उभे! कोणी पापणीसुद्धा हलवेना. मग ढोलवाल्याने ढोलाच्या कडेवर काठीने 'टक' केलं आणि सगळे पुन्हा भान हरपून नाचायला लागले. विहीणबाई ताडकन उठल्या आणि गाणं संपताच त्या पोरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"अरे, मधी थांबलात कशाला?"

"गानंच तसं हाय, काकी."

"गान्यात थांबायचं न्हाय रे! कॅसेट संपली व्हती!"

"न्हाय काकी," बेंजोवाला अगदी नम्रपणे म्हणाला, "पेनड्राइव्हवर असंच हाय. मोठी मानसं वाजवतात ती." त्यांना ज्ञान देणारी ती बाई समोर उभी आहे हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! पुढच्याच आठवड्यात हिरव्या कोटवाल्यांचे म्हातारे मास्तर तक्रार घेऊन विहीणबाईंच्या ओट्यावर हजर. "काय केलंस तू हे? माझ्या गान्याला भोक पाडलंस! आता आम्ही सरळ वाजवलं तर लोक वरडतात, मधी थांबा म्हनून!" विहीणबाईंनी त्यांना चहा दिला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि समजावलं, "थांबा ना मग. तुमाला पन वयमानानं दम लागतो." मास्तर विचार करत गेले. आता तेही थांबतात, आणि म्हणतात की ही पद्धत त्यांनीच काढली.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे ते आता लिहिते. तुम्ही परदेशी गेल्यापासून विहीणबाई दर वर्षी एक वेगळी निवड तुमच्यासाठी करत आल्या. तिला त्या 'परदेशाची कॅसेट' म्हणतात, मग ती पेनड्राइव्ह का असेना. मेलबर्नला जाणारं कुणी भेटलं की त्याच्या सामानात ती जाते. तिचा क्रम लावायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण तुमचा रस्ता त्यांना माहीत नाही. "तिकडं घाट कुठं लागतो, ईनबाय?" असं त्या मला विचारतात आणि मला सांगता येत नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, मुलं आता मोठी झाली, त्यांची गाणी वेगळी." तर त्या म्हणाल्या, "गान्यासाठी न्हाय ओ. कदी आली आन् मांडवात उभी ऱ्हायली, तं त्यांना परकं नको वाटाया. कान तरी इथला पायजे."

मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर त्यांनी तुम्हाला विचारलं, "कॅसेट ऐकली का रं?" तुम्ही दोघे एकदम म्हणालात, "हो आजी, खूप मस्त!" मी त्यांच्या शेजारीच बसले होते. ज्या बाईने आयुष्यभर ड्रायव्हर पारखले, तिला 'खूप मस्त' या उत्तराची किंमत ताबडतोब कळली. तरीही त्यांनी एक संधी दिली. "मंग तिसऱ्या गान्यात मागं कोन वरडतं?" ईशान, तू जरा विचार करून म्हणालास, "ड्रमर?" तुमचे बाबा घाईघाईने म्हणाले की रेंज नीट नाही. विहीणबाई हसल्या, तब्येतीची चौकशी केली, तुम्हाला नीट जेवायला सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र मला म्हणाल्या, "आता परदेशाची बंद. उगाच पोरांना वझं."

मला वाटलं, रागाने म्हणाल्या असतील. पण या वर्षी माघ गेला, फाल्गुन गेला, त्या एकाही हळदीला गेल्या नाहीत. विचारलं की गुडघ्यांवर ढकलायच्या. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण ते याआधीही दुखत होतेच. नायलॉनची पिशवी खुंटीला, टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून कपाटावर. आता लोक डीजे लावतात, पूर्वीसारखे बँड उरले नाहीत, असंही म्हणून झालं. माझ्याकडे राहायला आल्या तरी दुपारभर पडवीत बसून राहत. लांबून कुठून ढोल ऐकू आला की मान जराशी वर होई आणि पुन्हा खाली जाई. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर मी शांततेचा आग्रह धरला, पण ती शांतता मला मुळीच आवडली नाही.

आणि मग परवाचा रविवार. रेवा, तुला तिकडून काय दिसलं ते मला माहीत नाही, म्हणून इथून काय दिसलं ते सांगते. आम्ही दोघी पडवीत भिजवलेले वाल सोलत होतो. फोन मी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. तुझ्या आईशी बोलणं चाललं होतं, आणि तू मागे स्वयंपाकघरात काहीतरी शोधत होतीस, बहुतेक कात्री. एकामागून एक खण उघडत होतीस आणि स्वतःशीच गुणगुणत होतीस. आपल्याला कोणी ऐकतं आहे याची तुला जाणीवही नव्हती. मी तुझ्या आईला बिरड्यात नारळ किती घालायचा ते सांगत होते, म्हणून माझं आधी लक्षच गेलं नाही. विहीणबाईंचं गेलं. त्यांची बोटं संथ झाली. तू हिरव्या कोटवाल्यांचं गाणं गुणगुणत होतीस. सूर चढत गेला आणि ऐन चढावर तू थांबलीस. खणावरचा तुझा हातही थांबला. इथे विहीणबाईंच्या बोटांत अर्धा सोललेला वाल तसाच राहिला. मग तू जिभेने 'टक' केलंस, पुढचा खण उघडलास आणि गाणं पुढे चालू केलंस.

तू या किनाऱ्यावरची हळद शेवटची पाहिलीस तेव्हा इतकी लहान होतीस की माझ्या खांद्यावर झोपली होतीस, आणि तेव्हा लोक त्या जागी थांबतही नसत. ती जागा तुला फक्त एकाच ठिकाणी सापडू शकते, परदेशाच्या कॅसेटवर. मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी तुला हाक मारली नाही, काही विचारलं नाही. मी बोलणार होते, तर त्यांनी माझ्या मनगटावर ओला हात ठेवला. "न्हाय ईनबाय. गाऊ दे तिला." तुझं गाणं संपेपर्यंत त्या तशाच बसल्या, डोळे तांब्याला टेकवलेल्या त्या छोट्याशा पडद्यावर. मग तुला कात्री मिळाली आणि तू दिसेनाशी झालीस.

फोन बंद झाल्यावर बराच वेळ आम्ही वाल सोलत राहिलो. वाडीत कुणीतरी पंप सुरू केला. अक्षीच्या बाजूने, वाऱ्यावर, अगदी बारीक ढोल ऐकू येत होता. विहीणबाईंनी मान वर केली, आणि या वेळी ती खाली गेली नाही.

"मोरपंखी कोटवाले हायेत," त्या म्हणाल्या. "ढोलवाला बदलला वाटतं."

मग गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, हळूहळू त्या उठल्या. खुंटीवरची पिशवी काढून झटकली. आणि चारी बाजूंनी माडांनी वेढलेल्या माझ्या घराच्या पडवीत उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "ईनबाय, घरात नारळ हाय का?"

मी दोन काढले.